शेवटच्या बांधीचं ढेकूळ

गोंदियाच्या बाजारात सकाळी साडेआठला एका जुन्या विद्यार्थिनीनं मला विचारलं, "सर, अजून तिथंच आहात?" झालं ते एवढंच. याला कोणी घटना म्हणणार नाही. गळ्यात सरकारी ओळखपत्र, हातात कोथिंबिरीची जुडी, आणि चेहऱ्यावर निर्मळ आनंद. "पहचाने नहीं क्या? मी डिंपल, चौदाची बॅच." मी ओळखलं, म्हणजे ओळखल्यासारखं केलं. पंचवीस वर्षं शिकवलं की चेहरे एकमेकांत मिसळतात आणि मान आपोआप हलते. "हो, इथंच," मी म्हणालो. मग चूक सुधारली, "तिथंच." तिनं माझ्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत मातीचं एक ढेकूळ होतं, काल गावच्या शेतातून उचललेलं, मुठीएवढं, काळपट, धानाची वाळकी मुळं चिकटलेलं. "ये क्या सर, माती?" मी म्हणालो, कुंडीसाठी. खोटं बोलायची काही गरज नव्हती. पण ज्या बाईनं आताच आपल्याला 'अजून तिथंच' म्हटलं तिला, आज आमच्या कॉलेजचा फैसला मातीच्या ढेकळांनी होणार आहे, हे भाजीवाल्यासमोर कसं सांगणार? जाता जाता ती म्हणाली, "सर, हमारे ऑफिस में सब आपके ठराव की राह देख रहे हैं. भेजून द्या ना. लाइफ सेट होऊन जाईल." आणि गर्दीत गेली.

स्कूटरच्या डिकीत ढेकूळ ठेवलं. डिकीत पंक्चरचं सामान, जुना टॉवेल आणि सरकारचं पत्र होतं. पत्राचा मजकूर मला पाठ होता: आजवर विनाअनुदानित असलेल्या आपल्या महाविद्यालयास अनुदान हवे असल्यास नियामक मंडळाचा ठराव महिनाअखेरपर्यंत पाठवावा. सोबत दोन पानं अटींची. अनुदान आलं की नेमणुका सरकारी नियमानं, पगार सरकारी, रजा सरकारी, सेवापुस्तिका सरकारी. सातवी अट होती की नेट किंवा सेट परीक्षा पास नसलेल्या शिक्षकाच्या पदाला मान्यता मिळणार नाही. आमच्याकडे असा एकच शिक्षक आहे. रीता. ती गणित शिकवते, आणि कॉलेजात खरोखर शिकवणारं कोणी असेल तर तीच. बाकी आम्ही वर्गात जातो आणि बाहेर येतो.

रीताचा फोन सकाळी सातलाच आला होता. "सर, तुमी कोनत्या टोपलीत टाकान?" मी म्हणालो, पाहू. ती म्हणाली, बरं. तिच्या 'बरं'मध्ये काही नसतं, ना राग, ना विनवणी. सोळा वर्षांपूर्वी देवरीकडून ती आली तेव्हाही कॉलेज काढणाऱ्या ताराचंदजींनी विचारलं होतं, "पगार कमी हाय, चालंल का?" आणि ती म्हणाली होती, बरं. नेटच्या परीक्षेला दोनदा बसली. तिसऱ्या वेळी वडील आजारी पडले, आणि मग ते राहूनच गेलं. बारावीत गणितात गटांगळ्या खाल्लेली पोरं तिच्या वर्गातून तरून बाहेर पडतात, कारण ती त्यांना त्यांच्याच बोलीत शिकवते. "एक्सले उचल न् पलीकडं नेऊन ठेव, तो का रडते का?" मी व्हरांड्यातून जाताना थांबून ऐकतो. मी इतिहासाचा माणूस, गणिताशी माझं वैर आहे, तरी थांबतो. हे मी घरी बायकोला, गंगालाही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही, म्हणूनच सांगितलेलं नाही.

गोंदियातून बाहेर पडलं की आधी राईस मिल लागतात, त्यांच्या कोंड्याचा वास लागतो, मग वीटभट्ट्या, आणि मग एकदम मोकळं होतं. एप्रिलचं ऊन नऊलाच पाठीवर बसलं होतं. मोहाच्या झाडांखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या. मी बाविसाव्या वर्षापासून या रस्त्यानं जातोय. आधी एसटीनं, मग मोटरसायकलनं, आता गुडघ्यांमुळे स्कूटरनं. बदल झाला तो एवढाच. अजून तिथंच आहात, सर? माणूस एखाद्या ठिकाणी राहतो तेव्हा तो तिथं राहायचं ठरवतो, की फक्त उठत नाही? मला स्वतःविषयी दुसरं खरं वाटतं. नऊ वर्षं मी प्रभारी प्राचार्य आहे. आधीचे प्राचार्य वारले, ताराचंदजी म्हणाले, "इंदर, त्या खुर्चीवर बस." मी बसलो. आमच्याकडे नेमणूक अशीच होते. त्याला कागद लागत नाही, आणि म्हणूनच काढून टाकायलाही कागद लागत नाही.

हे मुन्नालालला कळलं नव्हतं. मुन्नालाल अर्थशास्त्र शिकवायचा, गोंदियातलाच, हिंदीत हसायचा आणि मराठीत चिडायचा. त्यानं एकदा अर्ज लिहिला की आम्हाला सेवापुस्तिका द्या, आजारपणाच्या रजेचा नियम लेखी द्या. अर्जाची प्रत विद्यापीठाला पाठवली, ही त्याची चूक. दुपारी तीनला ताराचंदजींनी त्याला बोलावलं. मी तिथंच होतो, भिंतीवरचा नकाशा सरळ करत होतो. ताराचंदजी आवाज चढवत नाहीत. "मास्तर, आपन घरची मानसं. घरात कोनी नियम लेखी मागते का? मागते तो घरचा नाई. कपाटाची चाबी ठेवा." मुन्नालालनं चाबी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. नकाशाचा खिळा ढिला झाला होता, तो मी अंगठ्यानं दाबत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून त्याचे तास मी घेतले. अर्थशास्त्रातलं मला काही कळत नव्हतं, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पुढं चार वर्षांनी देवरीच्या बसस्टँडवर तो दिसला, बियाण्यांची खोकी उतरवत होता. मी रायपूरच्या बसमागे उभा राहिलो, ती बस सुटेपर्यंत. मला लाज वाटली होती. दुसरा शब्द शोधून उपयोग नाही, लाजच.

आणि मुन्नालाल गेला त्याच वर्षी गंगाचं ऑपरेशन झालं. ताराचंदजी सत्तरीच्या पुढचे, पण रोज एसटीनं गोंदियाला यायचे आणि वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर डबा घेऊन बसायचे. चार दिवस. मी रजेचं काही बोललो तर म्हणाले, "रजा कायले मांगतेस? कॉलेज आपलं होय." महिनाभर मी गेलो नाही, एक दिवसही कापला गेला नाही. ज्या तोंडातून मुन्नालालची हकालपट्टी आली, त्याच तोंडातून माझी रजा आली. या माणसावर रागवावं तर गंगाच्या उशाशी ठेवलेला तो डबा आठवतो, आणि ऋणी राहावं तर टेबलावरची चाबी. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. आमच्याकडे दोन्ही ताराचंदजींचीच.

आमचं गाव गोरेगावच्या पुढं. तलाव बांधणाऱ्यांचं गाव. पूर्वजांनी डोंगराच्या कुशीत मातीची पाळ घातली, पाणी अडवलं, धान केलं. ना राजाला विचारलं, ना साहेबाला. कागदावर तो तलाव केव्हाच सरकारचा झाला होता, पण मी पाचवीत जाईपर्यंत ते गावाला कुणी सांगितलं नव्हतं. तोवर सगळं गावच पाहायचं. दर उन्हाळ्यात प्रत्येक घर पाळीवर माती टाकायचं. आणि अश्विनात धान पोटरीत आलं, पाऊस दडी मारून बसला, म्हणजे प्रश्न पडायचा की पाणी आज सोडायचं की थांबायचं. तेव्हा पाळीवर दोन टोपल्या ठेवत. एक 'सोडा'ची, एक 'थांबा'ची. प्रत्येक घरानं आपल्या बांधीतलं, म्हणजे धानाच्या वाफ्यातलं, एक ढेकूळ आणायचं आणि हव्या त्या टोपलीत टाकायचं. पहिलं ढेकूळ शेवटच्या बांधीवाल्याचं. ज्याच्याकडे पाणी सगळ्यांत उशिरा पोचतं त्यानं आधी बोलायचं, म्हणजे मोठ्यांचं पाहून त्याचं मन फिरायला नको. एवढा न्याय आमच्या अडाणी पूर्वजांना सुचला होता, मी वर्गात फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना हे सांगतो.

शेवटची बांधी आमची. माझे वडील मनिराम पहिलं ढेकूळ टाकायचे. एक वर्ष मला नीट आठवतं. आमचं धान करपत आलं होतं, आई रात्रंदिवस आभाळाला शिव्या देत होती, आणि बा सकाळी घरून निघताना म्हणाला होता, "आज सोडाच." पाळीवर गेला, ढेकूळ घेऊन क्षणभर उभा राहिला, आणि 'थांबा'च्या टोपलीत टाकून मागं आला. मी परतताना विचारलं, "बा, तुले तं सोडाचं होतं ना? मंग तिकडं काऊन टाकलं?" बा चालत राहिला. मग म्हणाला, "पाटलाची छत्री त्या टोपलीले टेकून होती." पाटील म्हणजे ताराचंदजी, तेव्हा चाळिशीतले, ताठ, काळी छत्री बाळगणारे. त्या साली आमच्या बांधीत पेंढाच झाला.

दोन वर्षांनी पाटबंधारे खात्यानं तलावाच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली ज्याच्याकडे होती तो गोंदियात राहायचा. पाळीवर माती टाकायचं थांबलं, कारण दुसऱ्याच्या पाळीवर माती कोण टाकतो? तलावात गाळ भरला, गाळावर बेशरमाची झुडपं माजली. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. आमच्या तळ्याला राखणारा होता तोवर चाखायला पाणी तरी होतं. पाटलाच्या राज्यात आमच्याकडे पाणी उशिरा यायचं, सरकारच्या राज्यात आलंच नाही. मला राजकारणातलं एवढंच कळतं, आणि पंचवीस वर्षं इतिहास शिकवून त्यात भर पडलेली नाही.

कॉलेज काढलं तेव्हा ताराचंदजी याच तलावाच्या पाळीवर उभं राहून बोलले होते. "तलाव गावाचा होता तवा तलाव होता. सरकारनं घेतला न् गाळ झाला. कॉलेज सरकारले देनार नाई. एक पैसा घेनार नाई न् एक साहेब घुसू देनार नाई." लोकांनी घरटी धान दिलं, विटा वाहिल्या. पहिली दोन वर्षं वर्ग मिलच्या शेडमध्ये भरायचे, कोंडा उडून वह्यांवर बसायचा. मी तेव्हा नुकता एम. ए. झालेला. त्या भाषणानं माझ्या अंगावर काटा आला होता. तो खरा होता. आणि मंडळाचे निर्णय टोपल्यांनी करायचे हेही तेव्हाच ठरलं. गावात बांधी नसलेल्या सदस्यानं कॉलेजच्या मैदानातलं ढेकूळ आणायचं आणि शेवटच्या बांधीमागून लगेच टाकायचं. असा सदस्य आज एकच, शिक्षकांची प्रतिनिधी रीता. अकरा जणांत पहिलं ढेकूळ माझं, दुसरं तिचं, अकरावं ताराचंदजींचं.

कॉलेजात पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. स्कूटर लिंबाखाली लावली आणि ठरवून टाकलं की अनुदान नको. असं एका झटक्यात ठरलं म्हणून बरं वाटलं. कारण साधं होतं: रीता जाता कामा नये. निवृत्तीपर्यंतची सरकारी पगाराची वर्षं मला हवी नव्हती असं नाही. गंगाला हवी होती, मलाही होती. पण व्हरांड्यातून जाताना थांबायला काही उरणार नसेल तर त्या पगाराचं करायचं काय? मुन्नालालचं तोंड आठवलं, तेही बाजूला सारलं. झालं ते झालं. त्या चाबीचं आता काही होणार नव्हतं, रीताचं होणार होतं.

सभा मोठ्या वर्गात. फळ्यावर रीताचं गणित अर्धं पुसलेलं. फळ्याखाली दोन टोपल्या, वेळूच्या, शेणानं सारवलेल्या. डावीकडे 'घ्या', उजवीकडे 'नको'. आठ गावकरी बाकांवर, विद्यार्थ्यांसारखे गुडघे वर करून बसलेले. रीता खिडकीजवळ, ढेकूळ रुमालात गुंडाळलेलं. ताराचंदजी आता ब्याऐंशीचे, वाकलेले, पण धोतर शुभ्र. ते सगळ्यांत शेवटी आले, उन्हातून आलेले, घाम पुसत. भाषण त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वीच केलं होतं. त्यांनी फक्त हातातली छत्री मिटली आणि उजव्या टोपलीला टेकवून ठेवली. मग खुर्चीत बसून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "टाक, इंदर."

मी उठलो. बाकापासून फळ्यापर्यंत आठ पावलं. या वर्गात मी हजारो तास उभा राहिलोय, पण त्या बाजूनं फळ्याकडे कधी गेलो नव्हतो, विद्यार्थी जातो तसा. ढेकूळ हातात घामानं ओलं झालं होतं आणि त्याचा वास येत होता, मुळांचा, जुन्या पाण्याचा. माझं ठरलेलं होतं. उजवी टोपली. पण तिथं छत्री होती. तीच नसेल, चाळीस वर्षं कुठली छत्री टिकते. पण काळी होती, तशीच टेकलेली होती, आणि तिच्या मुठीवर बाची नजर होती. मला एकदम दिसलं की मी उजवीकडे टाकलं तर ते रीतासाठी टाकलं हे मला सोडून कुणालाच कळणार नाही. सगळ्यांना एवढंच दिसेल की मनिरामच्या पोरानं छत्रीकडे पाहिलं. कदाचित मलाही तेवढंच दिसेल. नकाशाचा खिळा अंगठ्याला टोचला, खरोखर टोचला. हात डावीकडे गेला. ढेकूळ टोपलीत पडलं, फुटलं नाही, लहानसा आवाज झाला. मी 'घ्या'मध्ये टाकलं होतं.

मागं वळलो तेव्हा छाती हलकी झाली होती. आयुष्यात एवढं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ते दोन-तीन श्वास टिकलं. कारण तेवढ्यात रीता उठली होती. ती सरळ चालत आली, रुमाल सोडला, आणि डावीकडे, माझ्या ढेकळाच्या शेजारी, तिचं ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. मग मला पाहून मान हलवली, वर्गात पोरानं बरोबर उत्तर दिलं की हलवते तशी.

पुढचं मी नीट पाहिलं नाही. माणसं उठत होती, वाकत होती, माती पडत होती. कुणीतरी खोकत होतं. ताराचंदजी शेवटी उठले, उजवीकडे टाकलं, आणि दोन्ही टोपल्यांत पाहिलं. डावीकडे सहा, उजवीकडे पाच. मग तलावाचं दार उघडताना म्हणायचे तेच म्हणाले, "सुटलं." कुणावर रागावले नाहीत. लोक पांगले. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो आणि न राहवून विचारलं, "पाटीलजी, छत्री तुमी त्या टोपलीले काऊन टेकवता?" त्यांनी छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू मी काही भलतंच बोललो. "टेकवाले जागा पायतो बाबू. फळ्यावर गनित होतं, पुसलं असतं." आणि उन्हात छत्री उघडून निघून गेले. खरं बोलले की कसं, ते मला आजही सांगता येणार नाही. बा तर केव्हाच गेला.

फैसला झाला की शेवटच्या बांधीवाल्यानं दोन्ही टोपल्या पाळीवर रिकाम्या करायच्या, ही रीत. सोडा न् थांबा, सगळी माती एकाच पाळीची. मी एक टोपली उचलली, दुसरी रीतानं घेतली. पाळ कॉलेजच्या मागंच आहे. चढाला माझे गुडघे बोलायला लागले, तिनं चाल कमी केली. समोर तलाव म्हणजे बेशरमाचं रान आणि मधोमध डबक्याएवढं पाणी, त्यात दोन म्हशी. ऊन मरणाचं होतं. मी म्हणालो, "रीता, सातवी अट वाचली होती ना?"

"वाचली सर. मीच तं टाईप केल्या अटी मराठीत."

"मग तिकडं का टाकलं?"

तिनं टोपली खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं. "मी उजवीकडंच टाकनार होती. मैदानातून ढेकूळ उचलतानी ठरवलं होतं. मंग तुमी डावीकडं टाकलं." ती थोडं हसली. "मले वाटलं, सरानं एवढ्या वर्षात पयल्यांदा पाटीलजीच्या उलट टाकलं, म्हनजे काईतरी मोठा इचार केला असंल. पोरायसाठी, कॉलेजासाठी. मंग माझ्या एकटीचं काय घेऊन बसाचं?" मी म्हशींकडे पाहत होतो. एक उठली, चिखल झटकून पुन्हा तिथंच बसली. "केला होता ना सर?" रीतानं विचारलं. तिच्या आवाजात शंका नव्हती, नुसतं विचारून घेणं होतं, फळ्यावरचं उत्तर एकदा ताडून पाहावं तसं.

"हो," मी म्हणालो. "केला होता."

"बरं," ती म्हणाली, आणि टोपली पाळीवर उपडी केली.